दप्तरदारांची मागणीवही

आमच्या सोसायटीच्या दप्तरखान्यात एकदा माणसाची कवळी सापडली होती. ही माझ्या नोकरीच्या आधीची गोष्ट. पण ती मला इतक्या जणांनी इतक्या तऱ्हांनी सांगितली आहे, की आता मी ती स्वतः पाहिली असं बेधडक सांगते. होडीच्या परवान्याची फाईल जिथे असायची तिथे फाईल नव्हती, तिच्या जागी कवळी होती. नवीन लागलेल्या शिपायानं बोंब मारून सगळं ऑफिस गोळा केलं. दप्तरदार दारातच उभे होते. ते शांतपणे म्हणाले, "म्हाताऱ्यान फाईल न्हेली आसा. जेवणाच्या वक्ताक येतलो परत." आणि साडेबाराला म्हातारा खरंच आला, एका हातात फाईल आणि दुसऱ्या हातानं तोंडावर पंचा धरून.

दप्तरदारांचा नियमच होता तो. दप्तरखान्यातून कागद बाहेर न्यायचा, तर त्याच्या जागी स्वतःची एक वस्तू ठेवायची. वस्तू अशी, की जिच्यावाचून दिवस अडला पाहिजे. उन्हाळ्यात छत्री चालत नसे. पावसात मात्र छत्रीच लागे. तपासणीला आलेल्या एका साहेबांनी पेन पुढे केलं तेव्हा दप्तरदारांनी त्यांच्या खिशातलं दुसरं पेन बोटानं दाखवलं. साहेब शेवटी उजव्या पायातला बूट ठेवून गेले आणि अर्ध्या तासात फाईल घेऊन परत आले. मोकळ्या खणाकडे नजर टाकली की कुठला कागद कोणाकडे आहे ते दप्तरदारांना कळे. त्यासाठी कसली नोंद लागत नसे.

सोसायटी मच्छीमारांची, मालवणच्या किनाऱ्यावरची. गावाचं नाव सांगत नाही. तारकर्लीला जाणारे पर्यटक रस्ता चुकले तर आमच्याकडे येतात, एवढं पुरे. दप्तरदार तिथे कारकून होते आणि मी रुजू झाले तेव्हा निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती. पण ही बातमी त्यांच्यापर्यंत पोचली नसावी. रोज अकराच्या ठोक्याला इस्त्रीचा अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून ते हजर. 'तुम्ही आता येऊ नका' हे त्यांना सांगायचं कोणी, यावर म्हणे संचालक मंडळात एकदा चर्चा झाली आणि सगळ्यांनी एकमतानं विषय पुढे ढकलला.

त्यांना माणसांची नावं लक्षात राहत नसत, किंवा ठेवायची नसत. ते माणसाला त्याच्या कागदावरून ओळखत. "ओ बर्फाचो परवानो, पाय पुसून ये." "इंजिनाचो विमो इलो, तेका बसाक दी." एका बाईनं तरुणपणी पासबुक हरवल्याचा अर्ज दिला होता. ती जन्मभर 'हरवलेला पासबुक' राहिली. तिच्या लेकीच्या लग्नात, भरल्या मांडवात, दप्तरदारांनी मायेनं विचारलं होतं, "काय गो हरवलेल्या पासबुका, जेवलंस मा?" त्या हिशेबानं मी 'वेबसाइट' झाले. "गो वेबसाइट, पंखो बंद कर, कागद उडतत."

मी मसुऱ्याची. घरी भात आणि काजू. मासा माझ्या ओळखीचा तो ताटातला. पुण्यात एका कंपनीत चार वर्षं काढली, वडिलांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला म्हणून घरी आले आणि परत गेलेच नाही. सोसायटीला वेबसाइट सांभाळायला माणूस हवं होतं. स्कूटरवरून रोज जायचं-यायचं, संध्याकाळी घरी जेवायला. मला वाटलं, सहा महिन्यांचं सोपं काम आहे. मी तेव्हा फारच हुशार होते.

वेबसाइट कसली, अडगळीची खोली होती ती. एका कंत्राटदारानं दप्तरखान्यातले सगळे कागद स्कॅन करून 'दस्तऐवज' नावाच्या पानावर ओतले होते. स्कॅन एक, स्कॅन दोन, स्कॅन तीन, असे हजारोंनी. आत काय आहे ते उघडल्याशिवाय कळायचं नाही. त्याहून वाईट म्हणजे, 'आता सगळं कॉम्प्युटरात आहे' म्हणून चेअरमननी दप्तरखान्याच्या जागी मीटिंग हॉल काढला, लाकडी मांडण्या विकून टाकल्या आणि खरे कागद मासळीच्या रिकाम्या क्रेटांत भरून बर्फ कारखान्याच्या माळ्यावर टाकले. क्रम गेला, खण गेले. मांडण्या टेम्पोत चढल्या त्या दिवशी दप्तरदार ऑफिसच्या पायरीवर बसून होते. पुढचे तीन दिवस ते पायरीवरच बसले. चौथ्या दिवशी उठून आत आले आणि माझ्या टेबलासमोरच्या दारात उभे राहिले. त्यानंतर ती त्यांची जागाच झाली. चहासुद्धा तिथेच, एक पाय उंबऱ्याबाहेर ठेवून. कागद असतील त्या खोलीत चहा न्यायचा नाही हा त्यांचा दुसरा नियम. खोलीत आता कागद नव्हता, नुसता माझा लॅपटॉप होता, तरी चहा बाहेरच.

मी दोन महिने खपून शोधायची सोय केली. वर एक चौकोन, त्यात शब्द टाकायचा. बाजूला साल, गाव आणि विषय निवडायची यादी. मोठ्या ऐटीत मी सभासदांना बोलावून ते दाखवलं. पुढे बसलेल्या एका आजोबांना विचारलं, "कुठलं साल हवं?"

"साल माका काय म्हायत? माझ्या थोरल्या झिलाच्या लग्नाच्या आदल्या वर्साचा."

दुसऱ्यांना विचारलं, विषय कुठला? त्यांनी माझी यादी वाचली. परवाने, विमा, पत्रव्यवहार, इतर. त्यांनी 'इतर' दाबलं. आठशे कागद आले. हॉलमध्ये जरा खोकल्याचे आवाज झाले. तेवढ्यात दारातून दप्तरदार म्हणाले, "इतर म्हणजे काय गो वेबसाइट? इतरात तर मी पण येतंय."

सगळे हसले. मीही हसले, पण मनातून भडकले होते. संध्याकाळी माणसं पांगल्यावर मी त्यांना गाठलं आणि विचारलं, एवढं कळतं तर तुम्ही कसं शोधत होता? हे साल-बिल काही न विचारता?

"मी शोधी नाय. मी इचारी." आणि मग त्यांचं ते पेटंट वाक्य, जे ते दिवसातून दोनदा तरी म्हणत, "कागद हरवणा नाय, मागणारो वाट चुकता."

दुसऱ्या दिवशी ते पिशवीतून सात जाड वह्या घेऊन आले. ती मागणीवही. सोसायटीनं सांगितली म्हणून ठेवलेली नव्हे, त्यांची स्वतःची. कोणी कागद मागायला आलं की 'आहे' किंवा 'नाही' ते कधीच म्हणत नसत. आधी विचारत, "कित्याक व्हया?", म्हणजे कशासाठी हवा. मग तो माणूस जे बोलेल ते शब्दाला शब्द वहीत उतरवत आणि त्याच्यापुढे दिलेल्या फाईलचा नंबर. 'वादळात होडी फुटली तेचा पत्र.' 'भावान माका न इचारता सही केली तो कागद.' 'सायब लाल शाई घेवन इल्लो ता.' वर्षानुवर्षं लोक कागदांना घरी काय म्हणतात ते सगळं त्या वह्यांत होतं. मी उभ्या उभ्या चाळायला लागले आणि माझा सगळा राग पळून गेला. पुण्यात आम्ही याच गोष्टीसाठी आठवडाभर डोकं खाजवत बसायचो.

मी वह्या पिशवीत घालायला लागले तर दप्तरदारांनी हात पुढे केला. मी स्कूटरची किल्ली दिली. ती त्यांनी परत केली. "एस्टी आसा तुका." मग त्यांनी लॅपटॉपच्या चार्जरकडे बोट केलं. मी म्हटलं, त्याच्याशिवाय लॅपटॉप दोन तासांत बंद पडेल.

"मगे दोन तासांत परत येशीत."

त्यामुळे सातही वह्यांचे फोटो मी तिथेच, त्यांच्या नजरेखाली बसून काढले.

वेबसाइटवरून कागद कोण उतरवून घेतं याची नोंद ठेवायची, यावरून आमचं खरं भांडण झालं. मी कागद किती वेळा उघडला गेला एवढंच मोजत होते. त्यांना ते पटेना. "वीस वेळा उघडलो म्हणजे कोणी उघडलो? वीस जणांनी एकदा की एका चोरान वीस वेळा?" त्यांचं म्हणणं, नाव हवं, फोन हवा आणि कशासाठी नेतोय ते हवं. मी म्हटलं, लोक कंटाळतील, नाहीतर काहीही खोटं लिहितील. ते म्हणाले, "मी समोर उभो ऱ्हवान इचारलंय तर कोण खोटा बोलात?" पण तुम्ही समोर नसणार ना, असं मी सांगून पाहिलं. तोवर ते बाहेरच्या पायाच्या बाजूला वळून चहा प्यायला लागले होते, म्हणजे चर्चा संपली. शेवटी मी तसा फॉर्म केला. नाव, गाव, मोबाईल, त्यावर येणारा पडताळणीचा नंबर, आणि खाली त्यांचाच प्रश्न जसाच्या तसा टाकला, 'कित्याक व्हया?' थोडी चिडूनच टाकला होता. आज ते कबूल करते.

श्रावणात नोटीस आली. आमच्या गावची चाळीस घरं रापणीवर जगतात. रापण म्हणजे होडीनं समुद्रात लांब वळसा घालून टाकायचं मोठं जाळं. त्याचे दोन्ही दोर किनाऱ्यावरून माणसांनी ओढायचे. ओढायला आणि जाळी सुकवायला वाळूचा जो पट्टा लागतो, तो बाहेरगावच्या एका रिसॉर्ट कंपनीनं आपल्या मालकीचा सांगितला होता. कुंपणाचे खांब वाळूत येऊन पडले होते. सुनावणी वीस दिवसांवर. रापणकरांच्या हक्काचा काही लेखी पुरावा असेल तर सोसायटीनं आणावा, नाहीतर पट्टा गेला. पट्टा गेला की रापण गेली.

असा कागद आहे हे म्हाताऱ्या माणसांना ऐकून ठाऊक होतं. पाहिलेला कोणी नव्हता. मीटिंगमध्ये चेअरमन म्हणाले, "तो कागद दप्तरदारांच्याच काळात गहाळ झाला असणार. मी आल्यापासून तर सगळं कॉम्प्युटरात आहे."

मी दप्तरदारांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. चाळीस वर्षांत त्यांनी एक चिठ्ठी हरवलेली नव्हती. साहेबाचा बूट आणि म्हाताऱ्याची कवळी त्याच्या साक्षीला होती. ते हळूच म्हणाले, "वीस दिस दिया. नाय गावलो तर चोर म्हणा माका." आणि मला म्हणाले, "चल गो."

आम्ही कामाला बसलो. म्हणजे मी बसले, ते दारात उभे. मी एकेक स्कॅन उघडायची. प्रत्येक फाईलच्या पहिल्या पानाच्या कोपऱ्यात त्यांचा जुना नंबर असे, निळ्या पेन्सिलीनं घातलेला. तो नंबर मागणीवहीतल्या नोंदीला जोडायचा, मग साल, वाडी आणि लोकांचे शब्द भरायचे. मी एका शब्दात आटोपायला बघायची. ते म्हणायचे, "माणूस मागता तसा लिही. सगळा लिही." दिवसाला दोनशे कागद. पंधराव्या दिवशी दोन तृतीयांश झाले होते. रापण, जागा, किनारा, जाळी, वाळू, जे सुचेल ते शोधून झालं. होड्यांचे कागद आले, बर्फाचे आले, चेअरमनच्या आजोबांनी कोणाचं तरी वल्हं परत केलं नाही त्याचाही कागद आला. तो मी वेगळा काढून ठेवला. पण पट्ट्याचा कागद नाही. दप्तरदार चहा प्यायचे विसरू लागले. एकदा मला म्हणाले, "खराच हरवलो काय गो?" मी पुढचा स्कॅन उघडला.

सोळाव्या दिवशी सुभद्राकाकी आल्या. यांचे यजमान कधीकाळी रापणीचे म्होरके. ते जाऊन खूप वर्षं झाली. काकींना त्यांच्या सभासदत्वाचा दाखला हवा होता.

मी म्हणणार होते, काकी, चार दिवसांनी या. पण दप्तरदारांच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "कित्याक व्हयो?"

"नातवाक सभासद करूचो आसा."

"तुझो घोव कधी झालो सभासद?"

"साल माका म्हायत नाय हां. पण माड पडलो ती तक्रार मिटली तेच्या दुसऱ्या दिसा." काकी बूड टेकून बसल्या. "रापणीचो दोर शेजाऱ्याच्या माडाक बांदलेलो. भरती वाडली, रापण जड झाली, आनि माड मुळासकट गोठ्यार आडवो. शेजाऱ्यान तक्रार केल्यान. मगे सायब इलो. बूट हातात घेवन सगळी वाळू चल्लो बिचारो. माझ्या घोवान तेका शहाळा दिल्यान. सायबान थयच बसान कायता लिवल्यान आनि तक्रार मिटली. माझो घोव घराक नाचत इलो, आनि फाल्यांच सोसायटीत नाव घालतंय म्हणालो."

दप्तरदारांचा बाहेरचा पाय आत आला. हातात कप होता, तो घेऊन ते सरळ माझ्या टेबलाशी आले. चहा त्यांच्या शर्टावर सांडला, माझ्या वहीवर सांडला, कीबोर्डवरही दोन थेंब पडले. "वेबसाइट! माड घाल! माड पडलो, घाल!"

मी घातलं. तीन कागद आले. पहिला नारळाच्या चोरीचा. दुसरा वीज पडल्याचा. तिसऱ्याला मागणीवहीतली ओळ जोडलेली होती, 'माड पडलो तेवा सायबान दिल्लो कागद', आणि ती जोडून मला फक्त सहा दिवस झाले होते. मी स्वतः ती टाइप केली होती, आणि 'माडाचं काय घेऊन बसलाय' असं मनात म्हणून पुढे गेले होते.

उघडला. पहिलं पान माडाच्या नुकसानीची तक्रार. दुसरं गोठ्याचा पंचनामा. तिसऱ्या पानावर साहेबांचा आदेश. खाजगी माडांना दोर बांधू नयेत. मात्र व्हाळाच्या म्हणजे ओढ्याच्या तोंडापासून खडपाच्या खडकांपर्यंतची वाळू रापण ओढण्यासाठी आणि जाळी सुकवण्यासाठी पूर्वापार वापरात असल्याचं स्वतः पाहणी करून आढळलं, सबब ती त्याच वापरासाठी मोकळी ठेवावी आणि दोरासाठी रापणकरांनी खुंट पुरावेत. खाली सही, शिक्का. मागे हातानं काढलेला नकाशा. आमचा हक्क सांगणारा एकुलता एक कागद आमच्याच विरुद्धच्या तक्रारीच्या पोटात झोपला होता. वरच्या पानावर रापणीचं नाव नव्हतं, म्हणून आम्ही तो उघडूनही पुढे गेलो होतो.

मी ओरडले. काकींना काय झालं ते कळेना, त्या म्हणत होत्या, "दाखलो मिळतलो मा माका?" दप्तरदारांनी रिकामा कप माझ्या टेबलावर ठेवला, दोन्ही हात जोडले आणि काकींना नमस्कार केला.

निळ्या पेन्सिलीचा नंबर बघत आम्ही एकेक क्रेट उपसलं. बर्फ कारखान्याच्या माळ्यावर, कोळंबीचा वास लागलेला, पण मूळ कागद कोरडा आणि सहीसलामत मिळाला.

सुनावणीला दप्तरदार आले ते शुद्ध मराठी घालून. हो, घालूनच. कोर्टकचेरीत ते मालवणी घरी ठेवून येत आणि इतकं कडक बोलत की वकील खुर्चीत सरळ बसत. आम्ही मूळ कागद मांडला. कंपनीचे वकील हुशार. कागद खोटा आहे असं ते म्हणालेच नाहीत. ते नम्रपणे म्हणाले, "हा कागद आम्ही आज प्रथमच पाहतो आहोत. अभ्यासाला अवधी मिळावा. दिवाळीनंतरची तारीख द्यावी." त्या मऊ वाक्याचा अर्थ मला लगेच कळला. खांब वाळूत पडलेच होते. दिवाळीपर्यंत कुंपण उभं राहिलं असतं, भर हंगामात, आणि एकदा उभं राहिलेलं कुंपण कोण पाडतो? सुनावणी घेणारे साहेब पुढची तारीख बघायला कॅलेंडर चाळायला लागले.

दप्तरदार उभे राहिले. "महोदय, सदर कंपनीस उक्त कागद यापूर्वीच प्राप्त झाला असल्याची नोंद संस्थेच्या दप्तरी आहे. अनुमती असल्यास माझी सहकारी ती दाखवील."

ही नोंद आहे हे मला ठाऊक नव्हतं. त्यांनाही नव्हतं. नंतर विचारलं तर म्हणाले, "कागद भायर काडलंस आनि तो कोणी न्हेलो नाय, असा व्हयतच कसा?" मी लॅपटॉप उघडला, त्या कागदाची नोंद काढली. तीन नावं होती. एक मी. एक सोसायटीचे चेअरमन. आणि तिसरं कंपनीच्या सर्व्हेअरचं, तीन दिवसांपूर्वीचं, मोबाईल नंबरासकट. खाली 'कित्याक व्हया?' या प्रश्नासमोर त्यानं सरळ लिहिलं होतं, 'कंपनीच्या वकिलांना देण्यासाठी.'

साहेबांनी ते दोनदा वाचलं. मग लॅपटॉप वकिलांकडे फिरवला. वकिलांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. मजकूर तोच राहिला. साहेबांनी कॅलेंडर मिटलं आणि म्हणाले, "अभ्यासाला अवधी मिळालेला दिसतो. चालवू या." तासाभरात निकाल झाला. पट्टा रापणीचा, खांब आठ दिवसांत उचलावेत. मागच्या बाकावर बसलेल्या बायकांनी अशी आरोळी ठोकली की शिपायाला आत यावं लागलं. आमचे चेअरमन उठले, दप्तरदारांसमोर आले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "माझा चुकला." त्यांचा हा मोठेपणा मी विसरणार नाही, म्हणून आजोबांच्या वल्ह्याचा कागद मी त्यांना कधी दाखवला नाही.

बाहेर तो सर्व्हेअर उभा होता. बांद्याचा, तिशीचा, घाम पुसत. नोकरी जाणार हे त्याला दिसत होतं. मी विचारलं, असं कसं लिहिलंत? काहीही लिहिता आलं असतं.

"जमलाच नाय माका," तो म्हणाला. "प्रश्न वाचलंय आनि दप्तरदार दारात उभे दिसले. माझे वडील तुमच्या सोसायटीत येयत, ते सांगीत, त्या माणसासमोर खोटा बोलूक नको. हात उचललोच नाय." दप्तरदारांनी त्याला खांद्याला धरून चहाला नेलं. महिन्याभरात तो आमच्या सोसायटीत लागला, किनाऱ्याचे नकाशे करायला. त्याची कंपनीतली नोकरी गेली ती दप्तरदारांमुळे आणि आमच्याकडची मिळाली तीही त्यांच्याच शब्दामुळे.

दप्तरदार गेले त्याला आता दोन पावसाळे झाले. वेबसाइट चालू आहे. दुसऱ्या तीन गावांच्या सोसायट्यांनी तसंच करून मागितलं. मी तिथे जाते तेव्हा आधी विचारते, तुमच्याकडे मागायला येणाऱ्यांचं कोणी लिहून ठेवलंय का? बहुतेक ठिकाणी नसतं. मग मी स्वतः पंधरा दिवस दारात उभी राहते आणि ऐकते.

पण त्यांची आठवण काढली की मला दिसते ती निकालानंतरची पहिली रापण. सकाळची वेळ, खांब गेलेले, वाळू मोकळी. होडी वळसा घालून आलेली, दोन्ही बाजूंना दोर धरून माणसं उभी. आम्ही दोघं बघायला गेलो होतो. म्होरक्या धावत आला आणि म्हणाला, "दप्तरदारांनू, आजच्या माशातलो पयलो वाटो तुमचो."

"माझो कसो? जो दोराक हात लावता तेकाच वाटो. मोठो असो, ल्हान असो. ह्यो नियम माका सांगू नको, मीच तो लिवून काडलेलो आसा."

"मगे लावा हात."

दप्तरदारांनी चपला काढल्या, एकाशेजारी एक नीट ठेवल्या, लेंगा गुडघ्यापर्यंत दुमडला आणि ते ओल्या वाळूत उतरले. माणसांनी रांगेत जागा करून दिली. मीही त्यांच्या मागे दोर धरला. दोर ओला, खरखरीत, आणि इतका जड की पहिल्या हिसक्याला मी गुडघ्यावर आले. दप्तरदार आले नाहीत. त्यांनी टाचा वाळूत रोवल्या आणि सगळ्यांबरोबर 'होऽ' म्हणून ओढलं. तासभर ओढलं. मधेच त्यांनी मान वळवून मला सांगितलं, आणि त्यांच्या गालावरून पाणी वाहत होतं, "चाळीस वर्सा ह्यांचे कागद धरलंय गो. दोर आज पयल्यांदा धरतंय."

जाळं बांगड्यांनी भरून आलं. वाटे झाले, त्यांना सात बांगडे, मला सात. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता ते ऑफिसात आले तेव्हा दोन्ही तळव्यांना दोराचे लालभडक वळ होते. त्या दिवशी जो कोणी कागद मागायला आला, त्याला त्यांनी काही विचारलंच नाही, आधी हात उघडून दाखवले.